नव्या काळजाची ओळख

शेणानं नुकत्याच सारवलेल्या अंगणाचा वास मला अजूनही आवडतो. ओलसर, गवताळ, किंचित आंबूस असा तो गंध सकाळच्या कोवळ्या उन्हात वर येऊ लागला की माझी पावलं आपोआप मंदावतात. क्षणभर मी पन्नाशीची, चष्मा लावणारी, घड्याळाला बांधलेली परिचारिका राहत नाही; नालवाडीतल्या आमच्या घरासमोर बादली धरून उभी असलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी होते. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी आई अंगण सारवायची. तिच्या पंज्यानं उमटवलेली ती अर्धवर्तुळं वाळेपर्यंत त्यावर पाय ठेवायची कुणाची प्राज्ञा नव्हती! स्वच्छता म्हणजे काय, मांगल्य म्हणजे काय, हे मी नर्सिंगच्या पुस्तकांत वाचण्याच्या कितीतरी आधी त्या गंधातून शिकले. आणि तरीही हा वास मला आवडतो हे मी आज जरा दबक्या आवाजातच कबूल करते आहे. का, ते सांगायचं तर मला वनिताबद्दल सांगावं लागेल.

त्याआधी थोडं माझ्या कामाविषयी. वर्ध्यातल्या एका रुग्णालयात मी अशा माणसांची देखभाल करते, ज्यांच्या छातीत दुसऱ्या कुणाचं तरी हृदय किंवा फुप्फुस नांदत असतं. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते, तिथल्या डॉक्टरांचे फोटो वर्तमानपत्रात येतात, आणि यावेतच. पण टाके वाळल्यानंतरचं जे लांबलचक, चिवट, बरंचसं कंटाळवाणं आयुष्य असतं ते आमच्या वाट्याला येतं. रोज त्याच काट्यावर वजन, दिवसातून दोनदा ताप, पायांवर सूज आहे का ते बोटानं दाबून पाहणं, आणि गोळ्या सकाळी नऊला नि पुन्हा बरोबर बारा तासांनी. ज्या दिवशी रक्त तपासायचं त्या दिवशी मात्र रक्त काढेपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नाही, हे शंभरदा सांगूनही कुणीतरी ती गिळूनच येतो आणि वर माझ्याकडे शाबासकीच्या अपेक्षेनं बघतो. पपनस खायचं नाही, कच्चं दूध प्यायचं नाही, हातगाडीवर कापून ठेवलेल्या फळाकडे तर वळूनही बघायचं नाही. माझे रुग्ण मला पाठीमागे काय म्हणत असतील याची मला पूर्ण कल्पना आहे.

पण या गोळ्यांइतकी कुतूहलाची गोष्ट मी दुसरी पाहिली नाही. त्या कुठलाच आजार बरा करत नाहीत. आलेलं हृदय परकं आहे हे शरीर क्षणात ओळखतं आणि त्याला हुसकावून लावायला निघतं. गोळ्या शरीराच्या या राखणदारांना गुंगीत ठेवतात. केवढा विलक्षण प्रकार आहे हा! ज्याच्यामुळे जगायचं त्याच्यावरच चाल करून जाणारं हे शरीर शहाणं म्हणायचं की वेडं? आणि आतले राखणदार असे पेंगत असले की धूळ, बुरशी, साधी सर्दीसुद्धा सरळ आत शिरते. म्हणून मग बाहेर दाराशी कुणीतरी जागं बसावं लागतं. मी ती दाराशी बसणारी बाई आहे.

वनिता रोहणा गावची. तिशी नुकतीच ओलांडलेली, सडपातळ, बोलण्यात फटकळ. तिच्या मुलीच्या, आरोहीच्या जन्मानंतर तिचं हृदय फुगत गेलं, थकत गेलं, आणि पुढे पुढे ती अंगणातून स्वयंपाकघरापर्यंत गेली तरी भिंतीला टेकून उभी राहायची. आरोही चार वर्षांची झाली तेव्हा कुणा अनोळखी माणसाचं हृदय तिला मिळालं. कुणाचं, ते मलाही ठाऊक नाही, विचारायचंही नसतं. वनिता मात्र गोळी तोंडात टाकण्याआधी रोज हात जोडायची, आणि नाव माहीत नसल्यामुळे नुसतीच थोडा वेळ गप्प बसायची.

शस्त्रक्रियेनंतरचे पाच महिने तिला आमच्या रुग्णालयाच्या जवळ राहणं भाग होतं. वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघेत पत्र्याच्या छपराची एक स्वच्छ खोली मिळाली. नवरा प्रमोद सोबतीला आला, आणि आरोही रोहण्याला आजीकडे राहिली. अंगणवाडीत जाणारं मूल म्हणजे बारा महिने वाहणारं नाक. पहिल्या महिन्यांत ते जवळ नको, हा नियम मीच सांगितला होता. रोज संध्याकाळी मोबाइलवर मायलेकी एकमेकींना बघायच्या. आरोही सुरुवातीला पडद्याला नाक लावून बोलायची. मग हळूहळू ती चित्रातून लवकर पळून जाऊ लागली. रिकाम्या पडद्यावर मागची भिंत दिसत राहायची आणि वनिता तरीही फोन खाली ठेवायची नाही. मी हे पाहत होते, आणि नियम सैल करत नव्हते. त्याचं मला वाईट वाटत होतं, हे मी तिला कधी सांगितलं नाही.

त्या खोलीतली एक सकाळ मी विसरणार नाही. मी तिची नाडी मोजत होते आणि वरच्या पत्र्यावर धाडकन एक वानर कोसळलं. वर्ध्यात राहणाऱ्याला वानरांचं अप्रूप नसतं, पण तो आवाज असा होता की माझ्या हातातलं घड्याळ पडलं. वनिता किंचाळली; तिचे डोळे विस्फारले, तळहात गार पडले. आणि नाडी? नाडी जशी होती तशीच, शंभराच्या आसपास, एकसारखी, तटस्थ, जणू छतावर काही झालंच नाही! आम्ही दोघी हसायला लागलो, वानर शेजारच्या आंब्यावर गेलं, प्रमोदनं चहा ठेवला. आणि सगळं शांत झाल्यानंतर, चहाचा पहिला घोट घेता घेता वनितानं छातीवर हात ठेवला. हृदय आता दौडत होतं.

"आता काऊन धावून राह्यलं हे?" ती म्हणाली. "वांदर तं कवाचंच गेलं."

मी तिला समजावून सांगितलं. जुनं हृदय काढताना त्याच्याकडे येणाऱ्या नसा, म्हणजे मज्जातंतू, कापल्या जातात. नवं बसवताना रक्तवाहिन्या जोडता येतात, पण नसा जोडता येत नाहीत. मेंदू घाबरतो, हात थरथरतात, मात्र हृदयापर्यंत निरोप नेणारी वाटच उरलेली नसते. मग भीतीचं जे रसायन रक्तात मिसळतं ते रक्तासोबत फिरत फिरत हृदयापर्यंत पोचतं, तेव्हा कुठे त्याला कळतं की काहीतरी घडलं होतं. म्हणूनच आम्ही या माणसांना एकदम उठून भराभरा चालू देत नाही; आधी हळूहळू, मग वेगात, थांबतानाही हळूहळू.

घरी परतताना त्या दिवशी माझ्या डोक्यात आपली भाषाच घोळत राहिली. काळजात धस्स होतं, काळजाचा ठोका चुकतो, काळीज पिळवटून निघतं, आनंदानं ते सुपाएवढंही होतं! आपल्या पूर्वजांनी सारं सुखदुःख त्या मुठीएवढ्या स्नायूच्या नावावर करून टाकलं आहे. मग ज्या बाईच्या काळजाला बातमीच उशिरा पोचते तिनं या शब्दांचं काय करायचं? भीती नक्की कुठे राहते? आणि माया? मी इतकी वर्षं माणसांच्या छातीवर कान ठेवला, पण हा प्रश्न मला वानराच्या आधी कधी पडला नव्हता.

वनितालाही तो पडला होता, आणि तिच्यासाठी तो माझ्यासारखा फावल्या वेळातला प्रश्न नव्हता. दोनेक दिवसांनी रक्तदाबाचा पट्टा सोडवताना ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "ताई, आरूले जवळ घेईन, अन् आतमंधी काहीच हालणार नाई. मंग ते जवळ घेनं खरं कसं?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. माया मेंदूत असते, हृदय नुसतं रक्त ढकलतं, असं काहीसं. ती ऐकून घेत होती, पण तिला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही माझं उत्तर त्या क्षणी फार रोडकं वाटलं. जिची लेक मोबाइलच्या पडद्यावरून पळून जाते तिला शरीरशास्त्र काय कामाचं? पोर आपल्याला परकी होईल, आणि आपण पोरीला. तिचं सगळं भय या एका ठिकाणी येऊन थांबलं होतं. 

घरी पाठवण्याआधी आम्ही रुग्णाचं घर पाहून येतो. मी रोहण्याला गेले ते कापूस वेचणीचे दिवस होते. वनिताच्या सासूबाई, कौसल्याबाई, ठेंगण्या आणि कमी बोलणाऱ्या. माझ्या मागे मागे फिरत त्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता. आमच्याकडे निम्म्या गावाच्या घरांत विकेपर्यंत कापूस असाच माणसांसोबत राहतो, पोरं त्याच्यावर उड्या मारतात, पाहुणे त्याच्यावर झोपतात. पण त्याचे ते हवेत तरंगणारे बारीक तंतू वनिताच्या श्वासात जाणं परवडणार नव्हतं. कापूस हलवा म्हटलं, त्यांनी जावेच्या घरी हलवला. मांजर दुसरीकडे द्या म्हटलं, दिलं. ओल आलेली भिंत, जुनी गादी, बकऱ्यांचा गोठा, तुळशीवृंदावनातली माती, उकळून न घेतलेलं पाणी, सर्दी झालेला पाहुणा, सगळं सांगितलं, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवलं. परतताना मी स्वतःवर खूष होते. इतकी काटेकोर यादी आपण यापूर्वी कधी केली नव्हती, असंही मनात येऊन गेलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गाडीत वनिता मास्क लावून मागच्या सीटवर, शेजारी मी, पुढे प्रमोद. पुलगाव मागे पडलं तेव्हा तिनं पदर दोनदा सारखा केला. रोहण्यातल्या गल्लीत गाडी वळली, घर दिसलं, आणि मी उत्साहानं काच खाली केली.

काय सुंदर अंगण होतं ते! या टोकापासून त्या टोकापर्यंत नुकतंच सारवलेलं, हिरवंगार, ओलं. पंज्यांची एकसारखी अर्धवर्तुळं, कडेनं पांढरी किनार, मधोमध रांगोळीचं कमळ. दाराशी आरतीचं ताट घेतलेल्या शेजारणी. आणि कौसल्याबाई, मनगटापर्यंत हिरव्या झालेल्या हातांनी, कौतुकाच्या अपेक्षेनं उभ्या. तो ओला गंध आत आला, मी डोळे मिटून तो भरभरून घेतला आणि मनात म्हटलं, आता खरी घरी आली पोरगी. हे सगळं होऊन गेल्यावर मला कळलं की मी काय पाहते आहे. ताजं शेण, त्यातले जंतू, आणि ते वाळल्यावर झाडूच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी उडणारी बुरशीची धूळ. माझ्या रुग्णाच्या उंबऱ्यापर्यंतची सगळी वाट त्याचीच होती.

काच वर करत मी गाडी मागे घ्यायला सांगितली आणि एकटी उतरले. गोठ्याचं सांगितलं, मातीचं सांगितलं, मांजराचं सांगितलं, आणि सारवणाचं मला सुचलंच कसं नाही? न सुचण्याचं कारण साधं होतं. कापसाच्या खोलीत मी परिचारिकेच्या डोळ्यांनी पाहत होते. अंगणात मात्र माझ्यातली नालवाडीची मुलगी उभी होती, आणि तिच्या लेखी शेण ही घाण नव्हतीच कधी. ते तर घाण घालवायचं साधन!

मी कौसल्याबाईंना जमेल तितक्या हळू आवाजात सांगितलं. मागून एक शेजारीण म्हणाली की शेण तर शुद्ध असतं, याच्याहून शुद्ध काय असणार. कौसल्याबाई तिच्याकडे वळल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तुमी शेनाचं नाई सांगतलं, सिस्टर."

त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. मी म्हटलं, नाही सांगितलं, चूक माझी आहे. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, पहाटेपासून राबलेल्या अंगणाकडे पाहिलं, आणि फार वेळ घेतला नाही.

"नेजा तिले वापस. मी फरशी टाकून घेतो आंगनात. मंग आनजा."

अंगणापलीकडे, ओसरीवर, नवा फ्रॉक घातलेली आरोही उभी होती. ओल्यावर पाय द्यायचा नाही असं बजावलेलं असावं. ती ओसरीच्या काठाला पायाची बोटं टेकवून थांबली होती आणि गाडीतल्या मास्क लावलेल्या बाईकडे पाहुण्याकडे पाहावं तशी पाहत होती. वनितानं आतून हात हलवला. आरोहीनं हलवला नाही.

आता पुढचं सांगायचं तर महिन्याभरानं फरशी झाली, तिची धूळ धुऊन निघाली, आणि वनिता सुखरूप घरी गेली. ते नीट पार पडलं, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझ्या यादीत हल्ली शेण सर्वांत वर असतं, आणि ते वाचून दाखवताना माझा आवाज किंचित पडतो. पण मला तो दिवस आठवतो तो परत फिरण्याआधीच्या अर्ध्या तासामुळे.

तिला तशीच परत न्यायला माझं मन धजेना. गावाच्या तोंडाशी बसथांब्याचं सिमेंटचं बाक होतं. मोकळी हवा, कुणी नाही, दोघींना मास्क, हात स्वच्छ, तर थोडा वेळ चालेल, असा मी हिशेब केला. कौसल्याबाई कोपरापर्यंत हात धुऊन, लुगडं बदलून आरोहीला घेऊन आल्या आणि स्वतः दहा पावलं लांबच थांबल्या. आरोही बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. प्रवासाआधी नाडी पाहायची म्हणून मी वनिताचं मनगट धरलं होतं, आणि वनिता लेकीच्या वेण्यांकडे बघत होती.

आरोहीनंच तोंड उघडलं. आईचं काळीज बदललं असं तिला शेजारच्या मोठ्या मुलीनं सांगितलं होतं, आणि हा प्रश्न तिनं बरेच दिवस जपून ठेवला असावा.

"तुयं नवं काळीज मले ओळखते का?"

वनिताचे डोळे भरून आले. माझ्या बोटांखालची नाडी मात्र तशीच, एकसारखी, तटस्थ. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिलाही आतून तेच कळत होतं. हो म्हणणं किती सोपं होतं! मला वाटलं, आता म्हणेल.

"त्याले जरा उशिरा समजते, बाई," ती म्हणाली. "थांबशीन का?"

आरोहीनं थोडा विचार केला. मग ती बाकावरून सरकत सरकत जवळ आली आणि तिनं आपला तळवा आईच्या छातीवर, साडीवरून, चिकटवून ठेवला. आम्ही थांबलो. रस्त्यावरून एक सायकल गेली. कौसल्याबाई लांबून बघत होत्या. वनितानं पोरीला ओढून घेतलं नाही. नुसती तिच्याकडे बघत राहिली. मिनिट गेलं, आणखी एक गेलं. आरोहीचा हात अवघडला असावा, तिनं तो उचलून पुन्हा ठेवला. इतकी वर्षं मी नाड्या मोजल्या, पण एखादी नाडी वाढावी म्हणून मी अशी कधी आसुसले नव्हते.

आणि मग ती वाढली. आधी मला वाटलं मी चुकते आहे. नंतर शंका उरली नाही. ठोके जवळ जवळ येत गेले, भरत गेले.

"धावून राह्यलं," आरोही हळूच म्हणाली.

तिनं हात काढला नाही. मीही मनगट सोडलं नाही, पण मोजणं मी केव्हाच थांबवलं होतं.